पयलो मान

आमच्या दक्षिण कोकणात देवाशी बोलायची एक रीत आहे. गाऱ्हाणं. नवी होडी पाण्यात लोटायची असो, चतुर्थीला गणपती बसवायचा असो, घरातला मुलगा पहिल्यांदा मुंबईला नोकरीला निघालेला असो. वाडीतला कोणी जाणता माणूस हात जोडून उभा राहतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून हाक घालतो आणि प्रत्येक वाक्य संपलं की भोवतीचे सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मुंबईच्या आणि घाटावरच्या लोकांना हे ठाऊक झालं ते बहुतेक ‘वस्त्रहरण’मुळे. गंगाराम गवाणकरांचं ते नाटक मच्छिंद्र कांबळींनी १९८० साली रंगमंचावर आणलं, आणि त्यातल्या गाऱ्हाण्याला प्रेक्षक इतके हसले की गाऱ्हाणं म्हणजे विनोदाचाच एक प्रकार असा पुष्कळांचा समज झाला. प्रत्यक्षात ते फार शिस्तीचं काम असतं. मागणं अगदी शेवटी, तेही चार शब्दांत. त्याआधीचा सगळा वेळ बोलावण्यात जातो. पुढचं काम ज्यांच्या भरवशावर व्हायचं त्या सगळ्यांची नावं घ्यायची. गावाप्रमाणे कुठे रवळनाथ, कुठे रामेश्वर, कुठे सातेरी; मग सीमेवरचे राखणदार, मग कुलदैवत, मग घराण्याचा मूळपुरुष. कोणी राहता कामा नये. आणि कोणाचं नाव कोणाच्या आधी आलं हे टिपणारे कान भोवती असतातच.

मी पोट भरते ते प्रोग्रॅम लिहून, मालवणात, वायरीच्या घरी बसून. टीम पुण्यात आणि बंगळुरात, एकजण नाशकात. वीज आणि नेट या दोघांनी साथ दिली तर मी कुठे बसले आहे याचा त्यांना पत्ताही लागत नाही. (मे २०२१च्या तौक्ते वादळात तो सगळ्यांना चांगलाच लागला.) आम्ही पायथॉन भाषेत लिहितो. पायथॉनची फाइल उघडली की डोक्यावरच्या पंधरावीस ओळी ‘इम्पोर्ट’च्या असतात. तारखांचा हिशेब करणारं एक मॉड्यूल, आकडेमोडीचं एक, इंटरनेटवरून काही मागवणारं एक, आणि टीमने स्वतः लिहिलेली दोनचार. प्रोग्रॅम एकट्याने फारसं काही करत नाही. ज्यांच्या जोरावर करायचं त्यांना आधी नावानिशी बोलावतो आणि मग कामाला लागतो. गाऱ्हाण्याशी या ओळींचं नातं माझ्या डोक्यात जुळलं ते यामुळे. टीममध्ये त्यांच्या क्रमावरून वाद सुरू झाले तेव्हा ते आणखी घट्ट झालं.

वाद किरकोळ होता, म्हणून लांबला. एकाला आखूड ओळ वर आणि लांब ओळ खाली अशी उतरती पागोळी आवडायची. दुसऱ्याचं म्हणणं, डेटाबेस हा सगळ्याचा आधार, तेव्हा त्याचं नाव आधी. तिसरा जसं लागेल तसं शेवटी जोडत जाणारा. कोडची तपासणी करताना हिशेबातली चूक नजरेतून सुटायची, पण ‘ही ओळ वर घ्या’ असा शेरा हटकून यायचा. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात हा मनुष्यस्वभाव नोंदवून ठेवला आहे. समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं कोणालाच काही कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास बोलते, कारण शेड सगळ्यांना कळते. संगणकवाल्यांमध्ये हा दाखला फार प्रिय आहे. मी तो ऐकते तेव्हा मला वाटतं, पार्किन्सनने कोकण पाहिलं नव्हतं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या अणुभट्ट्यांवर लोक वर्षानुवर्षं भांडले आणि सायकलींच्या शेडवरही तितक्याच जोमाने भांडले असते.

खरं तर पायथॉनमध्ये या बाबतीत वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. २००१ साली गिडो व्हॅन रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ यांनी ‘पेप ८’ नावाचा लेखनशैलीचा दस्तऐवज लिहिला. इम्पोर्टच्या ओळींचे त्यांनी तीन गट केले. आधी भाषेबरोबरच येणारी मॉड्यूल, मग बाहेरून आणलेली, मग आपल्या घरची. आणि दोन गटांच्या मध्ये एक रिकामी ओळ. आमच्या गाऱ्हाण्याचंही असंच आहे. आम्ही गावच्या देवापासून सुरू करून घराण्याच्या मूळपुरुषाकडे येतो. पेप ८ही सार्वजनिकापासून घराकडे येतो. गट पाडण्यामागची बुद्धी एकच दिसते. हाक कोणाला, आणि तो आपला कोण लागतो, हे ऐकणाऱ्याला नुसत्या जागेवरून कळावं.

गटाच्या आत कोण आधी आणि कोण नंतर, हे मात्र पेप ८ने सांगितलेलं नाही. तिथे मोकळं रान राहिलं. ते रान टिमथी क्रॉस्ली या प्रोग्रॅमरने २०१३ साली ‘आयसॉर्ट’ नावाचं अवजार लिहून साफ केलं. आयसॉर्ट फाइल वाचतं, इम्पोर्टच्या ओळी गोळा करतं, त्यांचे गट पाडतं आणि प्रत्येक गट अक्षरक्रमाने लावून परत जागेवर ठेवतं. विचारत नाही, समजावत नाही. कोडमधल्या खोडी शोधणाऱ्या अवजारांची, म्हणजे लिंटरांची, जातकुळी आधी नुसतीच बोलभांड होती. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी पहिला ‘लिंट’ लिहिला. तो संशयास्पद जागा दाखवायचा आणि थांबायचा, निस्तरायचं तुम्ही. आताचे लिंटर बोट दाखवतात आणि परवानगी दिली तर स्वतःच आवरूनही ठेवतात. २०२२ साली चार्ली मार्शने रस्ट भाषेत लिहिलेला ‘रफ’ आयसॉर्टचं हेच काम इतक्या झपाट्याने करतो की फाइल सेव्ह करायला बोट उचललं तोवर ओळी लागलेल्या असतात. आम्ही तो बसवला, त्याचा नियम चालू केला, आणि क्रमावरचे शेरे त्याच आठवड्यात बंद पडले.

एक हिशेबी फायदाही झाला, तो सांगायला हवा. दोघं एकाच फाइलीवर वेगवेगळ्या ठिकाणी बसून काम करत असले आणि दोघांनी नवी ओळ यादीच्या शेवटी जोडली, तर दोघांचं काम एकत्र करताना गिट हे जोडकाम करणारं अवजार अडतं. शेवटची ओळ कोणाची, हे त्याला ठरवता येत नाही. अक्षरक्रम असला की एकाची ओळ वरच्या बाजूला जाते, दुसऱ्याची खाली, आणि दोन्ही आपापल्या जागी बसतात. शेजारी शेजारी आल्या तर गाठ पडतेच, पण क्वचित.

वाडीत गाऱ्हाणं घालणारे एक काका आहेत. वय झालंय, आवाज अजून खणखणीत. चतुर्थीच्या दिवसांत घरी आले असता मी स्क्रीनसमोर होते, तेव्हा काय करतेस म्हणून विचारलं आणि मी त्यांना हे सगळं माझ्या परीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझ्या त्या मशिनीक मान कळता काय गो?”

“नाय ओ काका.”

“मगे बरां आसा. आमच्या देवळातय ठेवया एक.”

ते हसत म्हणाले, पण ज्याने गावऱ्हाटी जवळून पाहिली आहे त्याला त्या हसण्यातला शीण कळेल. आमच्याकडे गावचा देव आणि गावचे मानकरी यांची एक जुनी घडण आहे. बारा-पाचाची म्हणतात तिला. पालखीला खांदा आधी कोणी द्यायचा, नारळ आधी कोणाचा, प्रसाद आधी कोणाच्या हातावर, हे ठरलेलं असतं. ते कोणी ठरवलं हे विचारलं तर उत्तर येतं, “पयल्यापासून तसांच चलत इलाहा.” या क्रमावरून कोकणात पालख्या अडल्या आहेत, देवळांना कुलपं लागली आहेत, दिवाणी दावे बापाकडून मुलाकडे वारशाने गेले आहेत. बाहेरच्या माणसाला वाटतं, नारळ आधी काय आणि नंतर काय. पण रांगेत उभं राहणाऱ्याला आपण कोण हे त्या जागेवरूनच कळत असतं. अक्षरक्रमाची गंमत ही की त्यात पहिला येणाऱ्यालाही मान मिळत नाही आणि शेवटी येणाऱ्याचा अपमान होत नाही. अमेरिकेत हार्वर्ड आणि येलमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विद्यार्थ्यांची नावं घराण्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे लावत असत, आणि पुढे ती वर्णानुक्रमे लावायला लागले. घरच्या प्रतिष्ठेवर चढलेल्यांना तेव्हा आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं असणार. आमच्या डेटाबेसवाल्यालाही तसंच वाटलं होतं.

आयसॉर्टला मान कळत नाही, असं मी काकांना सांगितलं खरं. पूर्ण खरं ते नव्हे. त्याच्या मूळ ठरवणीत एका मॉड्यूलमधून अनेक नावं मागवली असली तर आधी सगळी मोठ्या लिपीतली, म्हणजे स्थिरांक. मग पहिलं अक्षर मोठं असलेली, म्हणजे क्लास. आणि शेवटी साधी, लहान लिपीतली फंक्शन. अक्षरक्रम या तीन पायऱ्यांच्या आत. म्हणजे पोशाख पाहून पाटावर बसवणं आहेच. आस्की या जुन्या सांकेतिक तक्त्यात तर मोठी इंग्रजी अक्षरं ६५पासून ९०पर्यंत आणि लहान ९७पासून पुढे, तेव्हा निव्वळ आकड्यांवर सोडलं तर मोठा झेड लहान एच्या आधी येतो. पेप ८चे तीन गटही आयसॉर्टमध्ये पाच झाले. त्यात एक गट अनोळखी पाहुण्यांनाही पोटात घेणारा आहे: ज्या मॉड्यूलची ओळख पटत नाही त्याला आयसॉर्ट बाहेरचं समजून मधल्या गटात ढकलतं, मग ते तुम्ही स्वतः लिहिलेलं का असेना. पुण्याहून मी परत आले तेव्हा गावात माझेही काही महिने असेच गेले.

पाचांतला पहिला गट मात्र एकाच घराण्यासाठी राखीव आहे, आणि तिथे आयसॉर्टही काही बोलत नाही. पायथॉनमध्ये ‘फ्यूचर’ नावाचं एक मॉड्यूल आहे. २००१ सालीच ते भाषेत आलं. पुढच्या आवृत्तीतली एखादी रीत आजच वापरायची असेल तर त्याला हाक मारायची. ही हाक फाइलीच्या अगदी सुरुवातीला असावी लागते. खाली गेली तर पायथॉन व्याकरणाची चूक म्हणून फाइल वाचायलाच नकार देतं. हा पयलो मान कोणाच्या प्रतिष्ठेसाठी नाही. पुढचा मजकूर कोणत्या नियमांनी वाचायचा हेच ती ओळ ठरवते, तेव्हा ती मजकुराच्या मध्यात आली तर आधी वाचलेल्याचं काय करायचं? कारण इतकं स्पष्ट आहे की त्यावर वाद घालायची कोणाला इच्छा होत नाही.

अडचण येते ती जिथे कारण असतं पण दिसत नाही तिथे. पायथॉनमध्ये इम्पोर्ट म्हणजे नुसती नावाची नोंद नव्हे. मॉड्यूल पहिल्यांदा बोलावलं की त्यातला मजकूर वरपासून खालपर्यंत चालतो. बहुतेक मॉड्यूल या वेळात आपली फंक्शन मांडून ठेवतात आणि गप्प बसतात. त्यांना कुठल्याही क्रमाने बोलवा. पण काही मॉड्यूल येताक्षणी घरात काहीतरी हलवून ठेवतात. ‘जीइव्हेंट’ नावाची एक लायब्ररी आहे. तिच्या साहाय्याने पायथॉनची नेटवर्कची मूळ यंत्रणा बदलून टाकता येते, आणि तो बदल बाकीच्यांनी ती यंत्रणा हातात घेण्याआधी व्हावा लागतो. जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीत बाहेरून लिहिलेली स्क्रिप्ट चालवायची तर आधी सगळी मांडामांड करणारी ओळ चालवावी लागते, मॉडेल त्यानंतर बोलवायची. वेबपानं लिहिणाऱ्यांकडे स्टाइलशीट अशाच इम्पोर्ट होतात, आणि दोन शीटमध्ये एकाच बटणाचा रंग सांगितलेला असेल तर नंतर आलेलीचं चालतं. या सगळ्यांत क्रम हाच आशय असतो. ओळ वाचून मात्र ते कळत नाही. गाऱ्हाण्यातल्या नावांसारख्याच सगळ्या दिसतात.

आमच्याकडे तसंच निघालं. जुन्या प्रकल्पातल्या सगळ्या फायली एकदम लावल्या आणि एका ठिकाणच्या चाचण्या पडल्या. दोन ओळी होत्या. एक मॉड्यूल ‘सेटअप’, दुसरं ‘डीबी’. सेटअप येताना डेटाबेसचा पत्ता आणि परवलीचा शब्द प्रोग्रॅमच्या वातावरणात भरून ठेवायचं. डीबी येताना तो पत्ता उचलून जोडणी करायचं. पूर्वी सेटअप वर होतं. इंग्रजी अक्षरक्रमात डी आधी, एस मागाहून. त्यामुळे आता डीबी वर गेलं, पत्ता शोधायला लागलं आणि हात हलवत उभं राहिलं. ज्याने हे लिहिलं तो केव्हाच दुसरीकडे गेला होता. वर एक शब्दाची टीप नव्हती. वर्षानुवर्षं ते चाललं, कारण कोणी त्या दोन ओळींना हात लावला नव्हता. पयल्यापासून तसांच चलत इलाहा.

टीममध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, पाहा, यंत्राच्या हाती दिलं की असं होतं. मला उलट वाटलं, आणि अजून वाटतं. त्या फाइलीतली खोड यंत्राने घातली नाही, उघडी केली. दोन ओळींच्या मागेपुढे असण्यावर अख्खी जोडणी टांगलेली, आणि ते फक्त गेलेल्या माणसाच्या डोक्यात. हे किती दिवस चालवायचं? एखाद्या नवशिक्याने सहज ओळ खाली-वर केली असती तरी हेच झालं असतं, फक्त चाचण्यांत नाही, ग्राहकाकडे. क्रमाला कारण असेल तर ते लिहून ठेवायची जबाबदारी क्रम लावणाऱ्याची. आयसॉर्टने त्याची सोयही केली आहे. ओळीपुढे किंवा फाइलीच्या वर एक ठरावीक टीप लिहिली की तेवढा भाग ते सोडून देतं. २०२० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ते आणखी सबुरीने वागतं. मध्ये दुसरा मजकूर आला तर त्याच्या खालची इम्पोर्ट उचलून वर नेत नाही, जिथल्या तिथे लावतं. त्याआधीच्या आवृत्त्या सगळ्यांना सरसकट डोक्यावर नेऊन बसवायच्या.

जावास्क्रिप्टवाले या बाबतीत जास्त शहाणे निघाले, किंवा जास्त भाजलेले. त्यांच्याकडे निकोलस झाकसने २०१३ साली लिहिलेला ‘ईएसलिंट’ आहे. त्याचा स्वतःचा इम्पोर्ट लावायचा नियम एका ओळीतल्या कंसातली नावं आपोआप लावून देतो, पण ओळींची अदलाबदल स्वतः करत नाही. तिथे नुसती तक्रार करतो. सायमन लिडेलने लिहिलेलं एक जोड-अवजार ओळीही लावतं. पण जावास्क्रिप्टमध्ये कुठलंही नाव न मागता नुसतं ‘ये आणि तुझं काम कर’ अशी इम्पोर्ट वेगळी लिहिता येते, आणि असल्या ओळींचा आपसातला क्रम ते बदलत नाही. लिहिणाऱ्याने जसा ठेवला तसा ठेवतं. पायथॉनमध्ये पाहुणा आणि राबायला आलेला यांना एकाच शब्दात हाक मारतात, म्हणून आयसॉर्टला फरक करता येत नाही.

आम्ही शेवटी टीप लिहून फाइल वगळली नाही. सेटअपमधला मजकूर एका फंक्शनमध्ये घातला, डीबीने ते फंक्शन स्वतः बोलवावं असं केलं, आणि मग दोन ओळींचा क्रम कसाही असला तरी चालायला लागलं. काम अर्ध्या दिवसाचं होतं. वगळायची टीप अर्ध्या मिनिटात झाली असती आणि ती चुकीची ठरली नसती, पण मग ती टीप हाच नवा रिवाज झाला असता.

सगळ्या फायली एकदम लावण्याचा एक मजेशीर परिणाम पुढे बरेच दिवस पुरला. गिटमध्ये कुठली ओळ शेवटची कोणी बदलली हे पाहायची आज्ञा आहे, तिचं नावच दोष देण्यावरून ठेवलेलं आहे. रफ मी चालवला होता, त्यामुळे प्रकल्पातल्या झाडून सगळ्या फायलींच्या डोक्यावर माझं नाव. जे मॉड्यूल मी कधी उघडलंही नाही त्याबद्दल बंगळुरातून विचारणा यायच्या. न मागता मिळालेलं मानकरीपण काय असतं ते मला तेव्हा कळलं. यावर उपाय आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गिटच्या आवृत्तीपासून एका फाइलीत बदलांची यादी देऊन ‘हे हिशेबात धरू नका’ असं सांगता येतं. मी माझ्या हाताने माझा तो बदल तिथे घातला आणि सुटले.

मराठीत आल्यावर अक्षरक्रम वाटतो तितका निष्पक्ष राहत नाही, हे मला वाडीच्या हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीने शिकवलं. देणगीदारांची नावं फ्लेक्सवर छापायची होती. रकमेप्रमाणे लावली तर गरिबाला वाईट वाटणार, मानाप्रमाणे लावली तर फ्लेक्स सप्ताहानंतरच छापून येणार. कोणीतरी म्हणालं, वर्णानुक्रमे लावा, आणि संगणकवाली म्हणून यादी माझ्याकडे आली. मी गंमत म्हणून आधी ती पायथॉनच्या साध्या क्रमलावणीला जशीच्या तशी देऊन पाहिली. साधी क्रमलावणी म्हणजे प्रत्येक अक्षराला युनिकोडने दिलेल्या क्रमांकाप्रमाणे. यादी आली ती अशी: वरच्या बाजूला ‘कै.’, म्हणजे ज्यांच्या स्मरणार्थ वर्गणी आली ते, मग ‘डॉ.’, मग झाडून सगळे ‘श्री.’, त्यांच्या खाली झाडून सगळ्या ‘सौ.’. वर्णमालेत श आधी, स मागाहून, तेव्हा पुरुषांची पंगत आधी उठली आणि मग बायका बसल्या. मेलेले पहिले, हेही आमच्या गावच्या रीतीला धरूनच म्हणायचं. आणि सर्वांत तळाला एक वकील. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं, २००८ साली. तोवर देवनागरीच्या तक्त्यात वरची घरं भरली होती, म्हणून त्याला अंकांच्याही खाली जागा मिळाली. त्याचा भाऊ ‘ऑ’ स्वरांमध्ये ऐटीत बसलेला आहे. आमच्या यादीत दोन वकील होते. एकाचं नाव टंकणाऱ्याने ‘ॲड.’ या नव्या अक्षराने लिहिलं होतं, ते तळाला गेलं. दुसऱ्याचं साध्या ‘अ’वर वेगळी चंद्रकोर चढवून लिहिलेलं, ते पार वर, कैलासवासीयांच्याही आधी. दिसायला दोन्ही सारखेच. ज्याला हरकत घ्यायचं शिक्षण मिळालेलं आहे नेमकं त्याच्यावरच हा प्रसंग.

बिरुदं काढून यादी पुन्हा लावली तर ‘ळ’ आडवा आला. शाळेत आम्ही ‘ह ळ क्ष ज्ञ’ म्हणून वर्णमाला संपवली. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ लच्या शेजारी, वच्या आधी. म्हणून गावांची नावं लावताना सावंतवाडीचं मळगाव मालवणच्या मसुऱ्याच्या आधी येतं. शाळेच्या क्रमाने ते मसुऱ्याच्या नंतर यायला हवं. क्ष तर तक्त्यात अक्षरच नाही, क आणि ष यांची जोडणी आहे, त्यामुळे तो कच्या घरातच राहतो, ज्ञपर्यंत पोचतच नाही. यावर मराठीसाठी ठरवून दिलेले क्रमाचे नियम आहेत आणि ते वापरता येतात. वापरले की ळ आपल्या जागी जातो. पण निरुपद्रवी वाटणारा अक्षरक्रमही कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी बसून ठरवलेला असतो हे त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर फिरून गेलं. इम्पोर्टच्या ओळी इंग्रजीत असतात म्हणून तिथे हे जाणवत नाही, इतकंच.

मंडळाच्या बैठकीत मी शाळेच्या क्रमाची यादी ठेवली. वकीलसाहेब आता वरच्या बाजूला होते, त्यांनी काही हरकत घेतली नाही. ‘ह’वाल्यांनी घेतली. आडनावाप्रमाणे का, नावाप्रमाणे का नाही, असा प्रश्न आला. माहेरच्या आडनावाने वर्गणी देणाऱ्या एकीला कुठे बसवायचं, असा दुसरा आला, आणि तो माझ्यामुळेच आला होता. शेवटी खजिनदारांनी तोडगा काढला. पुढच्या वर्षीपासून पावती क्रमांकाप्रमाणे छापायचं. जो आधी देईल तो आधी. यात कोणाचा मान नाही, कोणाचं आद्याक्षर नाही. सगळ्यांना पटलं. शेवटच्या ओळीवर दोघांनी हक्क सांगितला की गिट कसं अडतं, ते मी तिथे सांगायच्या भानगडीत पडले नाही.

यंदा पावतीपुस्तक उघडायच्या दिवशी उजाडायच्या आत दोन घरांतली मुलं खजिनदारांच्या अंगणात पैसे घेऊन हजर होती. खजिनदार जुने आहेत. त्यांनी एक नंबरची पावती आदल्या रात्रीच रामेश्वराच्या नावाने फाडून ठेवली होती, अकरा रुपयांची. आता वाद दोन नंबरच्या पावतीचा आहे, आणि दोन्ही घरं काकांकडे येऊन गेली आहेत.